नो डिस्क

रनाळ्याची ठगुबाई
डीव्हीडी प्लेअर टॉवेलात गुंडाळून आली,
जसं कुणी आजारी कोंबडी दवाखान्यात आणतं.
"भाऊ, हाई मशीन नही म्हनस."

पडद्यावर निळं. निळ्यावर दोन शब्द : नो डिस्क.
आणि तबकडी तर आत गरगरत होती,
मीच आठवड्यापूर्वी भाजून दिलेली.
भाजणं हाच शब्द आमच्या धंद्यात,
भरताच्या वांग्यासारखा.

पेनड्राइव्ह सुरतेहून आलेला,
सुकलाल पार्सलवाल्याच्या खिशातून, तंबाखूच्या पुडीसोबत.
त्यात तिच्या योगराजनं पाठवलेला नातू :
उभा राहतो, पडतो, पुन्हा उभा राहतो.
मोबाइलची फाइल मी जशीच्या तशी टाकली होती.
चूक माझी.
बारा वर्षांपूर्वीचा प्लेअर,
त्याला त्याच्याच बोलीत सांगावं लागतं.

दुसरीत बोली बदलली,
फायनलाइज करायचं राहिलं.
भरलेलं पोतं, गाठच मारली नाही.

तिसरी घाईत, सोळाच्या गतीनं.
नातू उठला, एक पाऊल उचललं,
नवव्या सेकंदाला पाय हवेत ठेवून थांबला,
चौकोन चौकोन झाला.
ठगुबाईनं पडद्यापुढं हात धरला.
पडू नये म्हणून.

चौथीही नवव्यालाच.
मग मी प्लेअरचे चार स्क्रू काढले.
भिंगावर लाल.
नंदुरबारात कुठल्या यंत्रात मिरची नाही?
समोरच पथारी, नजर जाईल तिथवर वाळत घातलेली,
आणि ही दिवसभर तिथं देठं खुडणारी,
संध्याकाळी त्याच हातांनी रिमोट धरणारी.
स्पिरिट, कापूस. मी शिंकलो, ती शिंकली,
परत मी.
कदाचित चौथी बरोबरच होती.
तपासलं नाही.

पाचवी जुन्या डब्यातली,
लग्नसराईसाठी जपून ठेवलेल्यांपैकी.
आता लग्नंही पेनड्राइव्हवर जातात.
गती चार. याहून हळू माझं मशीन जात नाही.
सतरा टक्के. अठरा.
टेबलाला धक्का लावू नका म्हटलं,
तर तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले
शंभर होईपर्यंत.

चाललं.
नववं सेकंद गेलं, दहावं गेलं,
पाऊल खाली आलं.
मी पैसे सांगायला तोंड उघडलं
तोवर ती उठून पडद्याच्या कडेला गेली,
उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं,
दाराआडून डोकवावं तसं.
"पोऱ्या दखास. आजूबाजूनं कथं गयं?"

मोबाइल उभा धरलेला. दोन्ही अंगांना काळं.
मी म्हटलं, एवढंच असतं.
"घर लिधं म्हने. खिडकी शे म्हने."
आणि काळ्यावर एके ठिकाणी
बोट ठेवून उभी राहिली.

माझ्याकडे चित्र ताणायची सोय आहे.
ताणून दाखवलं.
पोरगं जाडं झालं,
खिडकी आली नाही.

चाळीस रुपये.
चार खराब तबकड्या बादलीत टाकत होतो.
"फेकू नको भाऊ, त्या माले दी दे."

परवा दोंडाईच्याहून येताना
रनाळ्याच्या अलीकडं दादर कणसावर आलेली,
कुणाची ते माहीत नाही,
आणि तिच्यावर सुतळीनं टांगलेल्या चार तबकड्या.
ऊन पडलं की चिमण्यांचा थवा उठायचा,
थोडं लांब जाऊन बसायचा.
एकीत बोली चुकलेला,
एकीत गाठ न मारलेला,
दोघींत पाय उचललेला,
वाऱ्यानं फिरत होता.

गाडी स्टँडला लावली.
नऊपर्यंत मोजलं.